रात्रीचे जॉब चालवणारा आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा रॅपर: त्यात काय असावे, काय नसावे?

अर्धवट_पुणेकर (सोमवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या कंपनीत वितरकांकडून रोज रात्री विक्रीच्या फायली येतात, त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरल्या जातात आणि सकाळी सातच्या आत विक्री विभागाला अहवाल मिळावा लागतो. हे सारे काम एका लिनक्स सर्व्हरच्या क्रॉनटॅबमधले, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनच्या यादीतले, ४३ जॉब करतात. गेल्या सहा वर्षांत ते निरनिराळ्या माणसांनी लिहिले आहेत. काही बॅशमध्ये आहेत, काही पायथॉनमध्ये, आणि एक पर्लमध्ये आहे, ज्याला हात लावण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही.

गेल्या महिन्यात त्यांतला एक जॉब एसएफटीपीच्या (फायली आणण्याच्या) जोडणीवर अडकून चार दिवस तसाच पडून राहिला. तो मेला नाही, त्यामुळे चूक नोंदली गेली नाही. तो संपलाही नाही, त्यामुळे फाइल भरली गेली नाही. क्रॉन मात्र रोज रात्री इमानेइतबारे त्याची नवी प्रत सुरू करत राहिला, आणि पाचव्या दिवशी सकाळी एकाच कामाच्या पाच प्रती जोडणीची वाट पाहत बसलेल्या सापडल्या. हा शोधही आम्हाला लागला नाही. कोल्हापूरचे आकडे चार दिवस जागचे हललेले नाहीत, हे विक्री विभागातल्या एका बाईंच्या लक्षात आले.

यापुढे प्रत्येक जॉब थेट न चालवता एका रॅपरमधून, म्हणजे त्याला सुरू करून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टमधून, चालवायचा, असे आता ठरले आहे. माझ्याकडे साठ ओळींची बॅश स्क्रिप्ट तयार आहे. ती जॉबचे नाव आणि आज्ञा घेते, सुरू होण्याची व संपण्याची वेळ आणि एक्झिट कोड (जॉब संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे यश) नोंदवते, आणि कोड शून्य नसेल तर मेल पाठवते. यात आणखी काय हवे? बॅशमध्येच ठेवावे की पायथॉनमध्ये लिहावे? आणि मुळात हा उद्योग स्वतः करावा का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

कुलूपकिल्ली (सोमवार, रात्री १०:२५)

पाच प्रतींचा प्रश्न आधी सोडवा, कारण तो सर्वांत स्वस्तात सुटतो. रॅपरने जॉबच्या नावाने एक फाइल उघडावी, तिच्यावर फ्लॉक या आज्ञेने कुलूप घ्यावे आणि ते मिळाले नाही तर वाट न पाहता बाहेर पडावे. पुष्कळ लोक प्रक्रियेचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी ती फाइल दिसली की जॉब चालू आहे असे समजतात. सर्व्हर अचानक बंद पडला तर ती फाइल तशीच मागे राहते आणि मग जॉब कधीच सुरू होत नाही. शिवाय तोच क्रमांक दरम्यान दुसऱ्याच एखाद्या प्रक्रियेला मिळालेला असू शकतो. फ्लॉकचे कुलूप कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, असते, त्यामुळे ते धरून ठेवणारी शेवटची प्रक्रिया मेली की ते आपोआप सुटते.

यात एक खाच आहे. रॅपरने उघडलेली फाइल त्याच्या मुलांकडेही वारशाने जाते, म्हणून रॅपर मेला आणि त्याने सुरू केलेला जॉब मागे जिवंत राहिला तर कुलूप लागलेलेच राहते. काही जणांना हा दोष वाटतो. मला हीच गोष्ट हवी असते, कारण खरे काम जॉब करतो आहे, रॅपर नव्हे.

कुलूप मिळाले नाही तर फ्लॉक एरवी १ हा कोड देतो आणि तो जॉबच्या स्वतःच्या चुकीपासून वेगळा ओळखू येत नाही. कॅपिटल ई हा पर्याय वापरून ७५ सारखा निराळा कोड ठरवा. दर पंधरा मिनिटांनी चालणाऱ्या जॉबला एखाद्या वेळी कुलूप न मिळणे साधी गोष्ट आहे. रात्री एकदाच चालणाऱ्या जॉबला ते न मिळणे म्हणजे कालचा अजून संपलेला नाही, आणि ते तत्काळ कोणाला तरी कळले पाहिजे.

गप्पिष्ट_गोमंतकीय (सोमवार, रात्री १०:३१)

शीर्षक वाचून रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या गायकाची मुलाखत असेल या आशेने धागा उघडला होता. आता आलोच आहे तर थांबतो; माझ्याही क्रॉनटॅबमध्ये ओळी आहेतच.

शून्य_परतावा (सोमवार, रात्री ११:१०)

कोड शून्य नसेल तर मेल पाठवायचा या नियमात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की जॉब बिघडला की कोड शून्येतर येतोच. बॅशमध्ये हे खरे नाही. नळीने (पाइपने) जोडलेल्या, म्हणजे एकीचे उत्पादन दुसरीला देणाऱ्या, आज्ञांचा कोड हा शेवटच्या आज्ञेचा कोड असतो. आमच्याकडे रोजचा बॅकअप पीजी-डंपचे (डेटाबेसची प्रत काढणाऱ्या आज्ञेचे) उत्पादन संकुचित करणाऱ्या जीझिपकडे पाठवून घेतला जात असे. एके दिवशी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पीजी-डंप पहिल्याच पावलाला पडू लागला आणि जीझिपने मिळालेले शून्य बाइट अत्यंत निष्ठेने संकुचित करून यश कळवले. अकरा रात्रींच्या अकरा फायली जागेवर होत्या, नावे आणि तारखा अचूक होत्या, आणि प्रत्येकीचा आकार २० बाइट होता. रिकाम्या जीझिप फाइलचा आकार एवढाच असतो, हे ज्ञान मला त्या आठवड्यात प्राप्त झाले.

म्हणून प्रत्येक बॅश जॉबमध्ये पाइपफेल, म्हणजे नळीतली कोणतीही आज्ञा पडली तर अपयश कळवणारा पर्याय, चालू करा. रॅपरमध्ये करून भागत नाही, कारण जॉब ही वेगळी प्रक्रिया असते आणि तिच्या पोटातल्या नळ्या रॅपरला दिसत नाहीत. आज्ञा पडली की जॉब थांबवणाऱ्या ‘सेट ई’वरही फार विसंबू नका, फंक्शन एखाद्या ‘इफ’च्या अटीत बोलावले की त्याच्या आत तो नियम गप्प बसतो.

कोड नोंदवताना नुसता आकडा न लिहिता त्याचा अर्थही लिहा. टाइमआउट या आज्ञेने वेळ संपल्यामुळे जॉब थांबवला तर १२४ येतो. सिग्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या थांबण्याच्या हुकमाने, मेलेल्या प्रक्रियेसाठी शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून सांगतो, म्हणून १४३ म्हणजे कोणीतरी सभ्यपणे थांबायला सांगितले आणि १३७ म्हणजे सरळ मान मुरगळली. १३७ दिसला आणि तुम्ही स्वतः काही केलेले नसेल, तर स्मृती संपल्यामुळे कर्नलने बळी घेतला का, हे डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, पाहा. हा एक वाक्याचा अर्थ मेलमध्येच असला तर पहाटे तीन वाजता उठलेल्या माणसाचे निदान दहा मिनिटे वाचतात.

डॅग_पंथी (मंगळवार, सकाळी ८:०५)

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. पण त्यांतून सिद्ध एवढेच होते की हा उद्योग स्वतः करू नये. कुलूप, वेळमर्यादा, पुनःप्रयत्न, नोंदी, सूचना, हे सारे एअरफ्लो या जॉब चालवणाऱ्या प्रणालीत तयार आहे. एअरबीएनबीमध्ये २०१४ साली त्याची सुरुवात झाली ती क्रॉनटॅबचे जंगल आवरेनासे झाले की काय होते याच अनुभवातून, आणि त्याच्याही आधी स्पॉटिफायने लुइजी ही तशीच प्रणाली याच कारणासाठी लिहिली. आपण आज साठ ओळींवर आहात. दोन वर्षांनी सहा हजार ओळींवर असाल आणि आपल्याकडे एक वाईट एअरफ्लो तयार झालेला असेल.

मला खरी चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आपल्या ४३ जॉबांत एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असणारच. ते आपण कसे सांभाळता? पहिला दोनला, दुसरा तीनला, आणि मधल्या तासात पहिला संपेल अशी प्रार्थना?

अर्धवट_पुणेकर (मंगळवार, सकाळी ९:१५)

डॅग_पंथी, आपण आमच्या क्रॉनटॅबमध्ये डोकावून पाहिलेले दिसते. होय, प्रार्थनाच. परंतु आमच्याकडे हे पाहणारी माणसे दोन आहेत आणि त्यांतला एक मी. एअरफ्लो म्हणजे त्याचा शेड्यूलर, त्याचा वेब सर्व्हर, त्याचा स्वतःचा डेटाबेस आणि त्याच्या आवृत्त्या बदलणे. ते बंद पडले तर मला कोण सांगेल?

युनिट_फाइल (मंगळवार, सकाळी १०:४०)

दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे आणि ती आपल्या सर्व्हरवर आधीपासूनच बसवलेली आहे. सिस्टिम-डी, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी प्रणाली, हिचे टायमर वापरून पाहा. एकच सर्व्हिस आधीची फेरी संपण्यापूर्वी दुसऱ्यांदा सुरू होत नाही, म्हणजे कुलूप फुकटात मिळते. टायमरमध्ये पर्सिस्टंट हा पर्याय चालू ठेवला तर सर्व्हर बंद असताना हुकलेली फेरी तो सुरू झाल्यावर चालवली जाते. साधा क्रॉन ती विसरून जातो. जॉबचे सर्व वंशज एकाच सीग्रुपमध्ये (कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रक्रियांच्या गटात) असतात, त्यामुळे थांबवताना नातवंडेसुद्धा मागे उरत नाहीत. स्मृतीची मर्यादा घालता येते, बिघाड झाल्यावर कोणती सर्व्हिस चालवायची ते सांगता येते, आणि नोंदी जर्नलमध्ये आपोआप जातात.

एका ठिकाणी बहुतेक जण फसतात. एकदा चालून संपणारा जॉब ‘वनशॉट’ प्रकारचा असतो आणि त्याला ‘रनटाइम मॅक्स सेक’ ही मर्यादा लागूच होत नाही. त्याच्यासाठी ‘टाइमआउट स्टार्ट सेक’ लिहावे लागते आणि या प्रकारात ती मर्यादा मूळची अनंत असते. म्हणजे आपला एसएफटीपीवाला जॉब येथेही चार दिवस निवांत बसला असता.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी १:२०)

मी सात वर्षे अशा जॉबांच्या सूचना घेणाऱ्या बाजूला होते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

आमच्या रॅपरमध्ये यश आणि अपयश दोन्हींचे मेल होते. अपयश कळावे म्हणून अपयशाचा आणि रॅपर चालू आहे हे कळावे म्हणून यशाचा. रोज सकाळी शंभराहून अधिक मेल येत. पहिल्या महिन्यात मी ते वाचत असे, दुसऱ्या महिन्यात विषय वाचत असे आणि तिसऱ्या महिन्यात त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर केला. एका शनिवारी कोणीतरी क्रॉनटॅब संपादित करताना अर्धी फाइल पुसली. त्या रात्री निम्मे जॉब सुरूच झाले नाहीत, त्यांचे रॅपरही सुरू झाले नाहीत आणि अर्थातच अपयशाचा एकही मेल आला नाही. सोमवारपर्यंत आम्हाला ती शांतता फार आवडली होती.

या धाग्यावर आतापर्यंत आलेल्या सगळ्या सूचना सुरू झालेल्या जॉबविषयी आहेत. न सुरू झालेल्या जॉबविषयी रॅपर काहीही सांगू शकत नाही, कारण तो स्वतःच तेथे नसतो. म्हणून ओझे उलट बाजूला टाकावे लागते. जॉब यशस्वी झाला की रॅपरने दुसऱ्या यंत्रावर एक छोटी हाक पोहोचवायची, ‘कोल्हापूर भरले, ३:४२’, आणि त्या दुसऱ्या यंत्राकडे प्रत्येक जॉबची हाक किती वाजेपर्यंत यायला हवी याची यादी असायची. वेळ उलटली आणि हाक आली नाही की ते ओरडते. मग क्रॉनटॅब पुसला जावो, डिस्क भरो किंवा सर्व्हरची वीज जावो, सगळ्यांचा परिणाम एकच होतो: हाक येत नाही. आपला चार दिवस लटकलेला जॉबसुद्धा पहिल्याच सकाळी पकडला गेला असता.

मेलवर किती विसंबावे याचे एक उदाहरण सर्वांसमोर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसची निर्देशिका चुकून पुसली गेली आणि मग रोजचे बॅकअप पाहायला गेल्यावर ते नाहीतच असे आढळले. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि पीजी-डंप ९.२ चे चालवले जात होते, म्हणून तो जॉब दर वेळी पडत होता. क्रॉनने अपयशाचे मेल पाठवलेही होते. परंतु डीमार्कच्या (मेल खऱ्या पत्त्यावरूनच आला का, हे पाहणाऱ्या) तपासणीत न बसल्यामुळे ते पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. त्यांनी हे सारे स्वतःच प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. जॉब ओरडला, रॅपर ओरडला, आणि दार बंद होते.

शून्य_परतावा (मंगळवार, दुपारी १:५५)

रात्रपाळी ताईंचे म्हणणे मान्य करतो आणि माझ्या अकरा रात्री त्यात बसवून पाहतो. हाक तर माझ्याकडेही वेळेवर आली असती. जीझिप यशस्वीच होता.

मोजणीदार (मंगळवार, दुपारी ३:३०)

शून्य_परतावा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. हाक म्हणजे ‘मी संपलो’ एवढेच; ‘मी काम केले’ हे वेगळे विधान आहे आणि त्याचा पुरावा डेटामध्ये असतो. जॉबने किती ओळी वाचल्या, किती भरल्या आणि किती नाकारल्या हे तीन आकडे रॅपरच्या नोंदीत आलेच पाहिजेत, आणि वाचलेल्या ओळी या भरलेल्या व नाकारलेल्या ओळींच्या बेरजेइतक्या असल्याच पाहिजेत. ही बेरीज जुळवण्याची सवय जुन्या बँकांतल्या कारकुनांना होती. आपण ती का सोडली हे मला कळलेले नाही.

मात्र रॅपरला डेटाचे ज्ञान असू नये. रॅपरने जॉबला एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून (प्रक्रियेला सुरू होतानाच मिळणाऱ्या, नाव दिलेल्या मूल्यातून) एका रिकाम्या फाइलचा पत्ता द्यावा, जॉबने शेवटी तिच्यात आपले आकडे लिहावेत आणि रॅपरने ती फाइल वाचून हाकेबरोबर पुढे पाठवावी. जुन्या जॉबने काहीच लिहिले नाही तर रॅपरने ‘आकडे नाहीत’ अशी नोंद करावी आणि पुढे जावे. पर्लच्या जॉबला हात न लावताही त्याला आत घेता येईल.

आकडे आले की त्यांवर मर्यादा घालण्याचा मोह होतो, तेथे जपून. आम्ही गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराशी तुलना करत होतो आणि निम्म्याहून कमी किंवा जवळपास दुप्पट ओळी आल्या की जॉब थांबवत होतो. अनंत चतुर्दशीला पुण्यातली अर्धी दुकाने बंद होती, फाइल खरोखरच लहान आली आणि रॅपरने ती घ्यायचे नाकारले. पुढच्या आठवड्यात त्याच वारी विक्री पूर्ववत झाली तेव्हा ती दुप्पट वाटून पुन्हा नाकारली. आता आम्ही ओळी घटल्या तर भरतो आणि सांगतो. फाइलच आली नाही किंवा शून्य बाइटची आली तरच थांबतो. रिकामी पण शीर्षकाची ओळ असलेली फाइल म्हणजे वितरकाने ‘आज विक्री नाही’ असे सांगितले आहे. फाइल नसणे म्हणजे त्याने काहीच सांगितलेले नाही.

एडिसनवासी (मंगळवार, सायंकाळी ७:१५)

तारखेबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जॉबने ‘आज’ कोणता दिवस आहे हे स्वतः ठरवू नये. रॅपरने त्याला डेटाची तारीख हातात द्यावी. आपला सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर भारतात पहाटेचे साडेतीन वाजलेले असताना तेथे आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. मध्यरात्र ते साडेपाच या वेळात चालणारा प्रत्येक जॉब या खड्ड्यावरून जातो, आणि रात्रीचे जॉब नेमके याच वेळात चालतात.

भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, हे सुख आपल्याला तेथे राहून कळणार नाही. येथे अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोननंतरचा एक तास अस्तित्वातच नसतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या वेळी जॉबचे काय होईल हे तुमचा क्रॉन कोणता आहे यावर अवलंबून असते. आम्ही सर्व वेळापत्रक यूटीसीवर नेले आणि तारीख बाहेरून देऊ लागलो. त्याचा न मागता मिळालेला लाभ असा, की मागच्या महिन्यातला एखादा दिवस पुन्हा चालवायचा असेल तर तीच आज्ञा जुनी तारीख देऊन चालवता येते.

अर्थात ही तारीख म्हणजे नक्की कोणती, हे ठळक लिहून ठेवा. एअरफ्लोमध्ये ती अनेक वर्षे ‘एक्झिक्युशन डेट’ या नावाने ओळखली जात होती आणि तिचा अर्थ जॉब चालल्याची तारीख असा मुळीच नव्हता. ती ज्या कालखंडाचा डेटा आहे त्याच्या आरंभाची तारीख होती. २.२ आवृत्तीत नाव बदलून ‘लॉजिकल डेट’ केले, तोवर पुष्कळांचे केस पिकले होते.

डॅग_पंथी (मंगळवार, सायंकाळी ७:४०)

माझे त्याच काळातले आहेत.

एकदाच_पुरे (मंगळवार, रात्री ९:३०)

पुन्हा चालवण्याचा विषय निघालाच आहे तर माझा विरोध नोंदवतो. रॅपरमध्ये ‘अपयश आल्यास तीन वेळा प्रयत्न कर’ अशी सरसकट सोय ठेवू नका. माझ्या आधीच्या नोकरीत बिले भरणारा जॉब सर्व ओळी भरून झाल्यावर शेवटच्या पावलाला, एक मेल पाठवताना, पडला. रॅपरने तो तीन वेळा पुन्हा चालवला. त्या महिन्यात प्रत्येक ग्राहकाकडे चौपट येणे निघत होते आणि आमच्या वसुली विभागाचा उत्साह पाहण्यासारखा होता.

जॉब आधी पुन्हा चालवण्याजोगा करा. त्या तारखेच्या जुन्या ओळी काढणे आणि नव्या भरणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही किंवा काहीच नाही अशा रीतीने, झाले पाहिजे. फाइल तयार करायची असेल तर तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदला, म्हणजे वाचणाऱ्याला अर्धवट फाइल कधीच दिसणार नाही. मात्र तात्पुरती फाइल त्याच फाइलसिस्टिमवर हवी, नाहीतर नाव बदलण्याऐवजी प्रत काढली जाते आणि अर्धवट फाइल दिसण्याची शक्यता परत येते. त्यानंतर जॉबने स्वतः सांगावे की हे अपयश तात्पुरते आहे, थोड्या वेळाने पुन्हा बघा. त्यासाठी युनिक्सच्या जुन्या संकेतांत ७५ हा कोड राखलेला आहे. रॅपरने केवळ ७५ वर पुनःप्रयत्न करावा, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि त्यात थोडी अनियमितता मिसळावी, म्हणजे ४३ जॉब एकाच क्षणी डेटाबेसवर तुटून पडणार नाहीत.

नवखी_अभियंता (मंगळवार, रात्री ९:५२)

एक शंका आहे. कुलूपकिल्ली यांनी कुलूप न मिळाल्यास ७५ वापरायला सांगितले होते. दोन्ही सल्ले एकत्र पाळले तर कुलूप न मिळालेला जॉब पुनःप्रयत्न करत राहील ना?

कुलूपकिल्ली (मंगळवार, रात्री १०:०८)

राहील. मी ७५ सहज उदाहरण म्हणून लिहिले होते आणि या प्रसंगी ते चुकीचे उदाहरण आहे. कुलपासाठी दुसरा कोणताही मोकळा कोड घ्या. आमच्याकडे ९९ आहे आणि त्यामागे काहीही तर्क नाही. धागा नीट वाचल्याबद्दल आभार.

नवखी_अभियंता (मंगळवार, रात्री १०:१५)

आणि ‘पुन्हा चालवण्याजोगा’ म्हणजे नक्की काय, हे कोणी थोडक्यात सांगेल का?

एकदाच_पुरे (मंगळवार, रात्री १०:२६)

‘शिल्लक ५०० करा’ ही आज्ञा दहा वेळा दिली तरी शिल्लक ५०० च राहते. ‘शिल्लकीत ५०० मिळवा’ ही आज्ञा मोजून द्यावी लागते. पहिल्या प्रकारचे जॉब लिहा.

सर्पमित्र (बुधवार, सकाळी ११:००)

बॅश की पायथॉन हा प्रश्न मागेच राहिला. माझे मत पायथॉनच्या बाजूने आहे, परंतु तेथेही तीन सापळे आहेत. जॉबचे उत्पादन नळीतून घेत असाल आणि ते वाचण्याऐवजी आधी जॉब संपण्याची वाट पाहत बसलात, तर लिनक्सवर ती नळी ६५,५३६ बाइटना भरते. मग जॉब लिहिण्यासाठी थांबतो, रॅपर तो संपण्यासाठी थांबतो, आणि दोघे एकमेकांकडे पाहत सकाळ करतात. चाचणीत हे दिसत नाही, कारण चाचणीतले जॉब कमी बोलतात. दुसरे म्हणजे सिग्नलने मेलेल्या जॉबसाठी पायथॉन उणे आकडा देतो. शून्य_परतावा यांचा १३७ येथे उणे ९ होतो, म्हणून नोंदीत दोन्हींचा एकच अर्थ लिहा. तिसरे, समोर टर्मिनल नसेल तर पायथॉनचा जॉब आपले उत्पादन साठवून ठेवतो आणि तो अचानक मारला गेला की शेवटच्या, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या, ओळी त्याच्याबरोबर जातात. रॅपरने हे साठवणे बंद करणारे व्हेरिएबल सर्वांसाठी लावून टाकावे.

कुलूपकिल्ली (बुधवार, सकाळी ११:३५)

बॅशमध्ये राहणार असाल तर एक भर. रॅपरने सिग्नलसाठी ट्रॅप (सिग्नल आल्यावर करायचे काम) लावलेला असला तरी समोर चालू असलेला जॉब संपेपर्यंत बॅश तो ट्रॅप चालवत नाही. म्हणून जॉब पार्श्वभूमीत सुरू करून ‘वेट’वर थांबावे, म्हणजे सिग्नल आल्याबरोबर तो जॉबपर्यंत पोहोचवता येतो. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या प्रणालीत) ही चूक महाग पडते: थांबण्याची आज्ञा आल्यावर डॉकर एरवी दहा सेकंद वाट पाहतो आणि मग सरळ मारतो, त्या दहा सेकंदांत जॉबला काही कळलेलेच नसते.

गप्पिष्ट_गोमंतकीय (बुधवार, दुपारी १२:१०)

माझ्याकडूनही खारीचा वाटा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन तेथे आज्ञा संपली असे समजतो आणि उरलेला भाग आज्ञेला खाऊ घालतो. तारखेचे स्वरूप लिहिताना टक्का लागतोच. मी एक अख्खा रविवार यात घालवला आहे, आणि बाहेर पाऊस नव्हता, हे विशेष.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी २:४५)

एक काळजीची गोष्ट राहिली. रॅपर सोयीसाठी संपूर्ण आज्ञा नोंदीत लिहितो आणि कोणी पासवर्ड आज्ञेतच दिलेला असतो. तो पीएस (चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवणाऱ्या प्रत्येकाला एरवीही दिसत असतोच, पण रॅपर आल्यापासून तो वर्षभर लॉगमध्ये साठवला जातो आणि अपयशाच्या मेलमधून सर्वांना वाटला जातो. पासवर्ड फाइलमधून वाचा, आणि रॅपर लावण्यापूर्वी ४३ ओळी एकदा डोळ्यांखालून घाला.

अर्धवट_पुणेकर (तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:३०)

मंडळी, धागा वर काढतो आहे, कारण इतक्या सल्ल्यांनंतर काय केले ते न सांगणे बरे नव्हे.

रॅपर पायथॉनमध्ये लिहिला आणि तो २१० ओळींवर रोखला आहे. तो कुलूप घेतो, वेळमर्यादा लावतो, तारीख देतो, आकड्यांची फाइल वाचतो, कोडाचा अर्थ लिहितो आणि हाक मारतो. पुनःप्रयत्न अजून फक्त फाइल आणणाऱ्या नऊ जॉबांना दिला आहे. हाकांची नोंद दुसऱ्या इमारतीतल्या एका जुन्या यंत्रावर होते. टायमर अजून वापरलेले नाहीत, परंतु युनिट_फाइल यांचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावला आहे. डॅग_पंथी यांच्या प्रार्थनेच्या मुद्द्यावर अर्धाच तोडगा निघाला आहे: दुसरा जॉब सुरू होताना पहिल्याची त्या तारखेची यशाची नोंद पाहतो आणि ती नसेल तर ७५ देऊन बाहेर पडतो. अशी अवलंबित्वे मोजली तर १७ निघाली. ती तीस झाली की एअरफ्लो लावायचे, असे आम्ही दोघांनी लिहून ठेवले आहे.

पासवर्ड चार ओळींत सापडले. त्यांतला एक माझा होता.

वेळमर्यादा ठरवताना प्रत्येक जॉबला किती वेळ लागतो हेच कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून पहिले दहा दिवस रॅपरने फक्त मोजले आणि मग सर्वांत मोठ्या वेळेच्या तिप्पट मर्यादा लावली. त्या मोजणीत एक जॉब रोज दोन सेकंदांत यशस्वी होत असल्याचे दिसले. चौकशी केली तेव्हा तो वाचत असलेली निर्देशिका दीड वर्षापूर्वीच हलवलेली निघाली. त्याचा अहवाल कोणाला लागतो हे विचारत फिरलो. अजून कोणी पुढे आलेले नाही.

आता एकच प्रश्न उरला आहे. ते जुने यंत्रच बंद पडले तर?

रात्रपाळी (रविवार, सकाळी ११:०५)

त्या यंत्राने रोज सकाळी साडेसातला सर्व जॉबांचा मिळून एकच संदेश पाठवावा, सगळे ठीक असले तरी. शंभर मेल कोणी वाचत नाही, पण ठरलेल्या वेळी येणारा एक संदेश आला नाही तर चुकल्यासारखे वाटते. तो मेलने न पाठवता तुम्ही दोघे एरवी बोलता त्या गटात पाठवा, आणि तुमच्यापैकी एक रजेवर असेल तेव्हा तो पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा.

नवखी_अभियंता (रविवार, सकाळी ११:२०)

महिन्यातून एकदाच चालणाऱ्या जॉबची हाक त्या यादीत कशी लिहिली?

अर्धवट_पुणेकर (रविवार, सकाळी ११:४८)

लिहिलेली नाही. असे तीन जॉब आहेत आणि उद्या एक तारीख आहे. लगेच बसतो.